थांबा, तो सांगेल

"थांबा, तो सांगेल," असं म्हणत मॅडम एक हात वर करायच्या आणि दुसऱ्या हाताने शेजारची जमीन थोपटायच्या. "ये. बस." लेकरू आलं तर ठीक, न आलं तरी ठीक. लहान लेकरं बोलायला कशी शिकतात, यावर त्यांनी उभा जन्म घातलेला. विद्यापीठात मोठ्या प्राध्यापक, आणि आमच्या पुसेगावकडच्या वस्तीवर येऊन बसायच्या कुठे, तर शेळ्यांच्या लेंड्यांत! मी अंगणवाडीची सेविका. त्यांना घरोघरी न्यायचं काम माझ्याकडे होतं.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे लेकराला काही विचारलं तर उत्तर लेकरू देतं का? आजी देते. "नाव काय रे तुझं?" "खंडू हाय बाई त्याचं नाव." "भूक लागली?" "न्हाई, आत्ताच जेवला." मॅडमच्या रेकॉर्डरमध्ये लेकरं कमी आणि आज्याच जास्त. मीही काही कमी नव्हते. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही.

या खंडूला तिसरं सरत आलं तरी तोंडातून शब्द नव्हता. कान तपासून आणले, ते ठणठणीत. वस्तीवर त्याला मुका म्हणू लागले होते आणि बोल मात्र सगळा त्याच्या आईला, गंगाला. वाचा फुटावी म्हणून आजीने पोपटाचा उष्टा पेरूही चारून पाहिला. मला वाटलं, मॅडम आता चिडतात. तर विचारतात कसं, "आवडला का हो त्याला पेरू?"

एकदा गंगा रडत म्हणाली, "मॅडम, तुमी इतक्या शिकल्या. माझं लेकरू बोलंल का न्हाई, एवढंच सांगा."

"माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. "तांब्या आण म्हटलं की आणतो, म्हणजे समजतंय त्याला. आपण सवड द्यायची. त्याने मागायच्या आधी हातात देऊ नका."

मला रागच आला. अहो, धीराचे दोन खोटे शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? पण ते त्यांना जमायचं नाही. रोज येऊन खंडूजवळ बसायच्या, जमीन थोपटायच्या. तो शेळ्यांकडे बघायचा, त्याही शेळ्यांकडे बघायच्या. मग काम संपलं, गाडी आली. निघताना त्यांचा पाय निघत नव्हता. खंडू गप्पच होता.

त्यानंतर काही दिवसांनी मी वस्तीवर गेले. खंडू अंगणात, मॅडमच्या जागेवर बसलेला. समोर शेळीचं करडू. त्याने जमीन थोपटली.

"ये," तो म्हणाला. "बस."

आजी तोंड उघडणार तोच मी हात वर केला. गंगा दारात, तोंडाला पदर लावून उभी. करडू काही येईना. खंडूने वाट बघितली आणि पुन्हा म्हणाला, "ये."

मी तिथूनच फोन लावला. "मॅडम, खंडू बोलला! करडाला म्हणाला, ये, बस! तुमच्यासारखं!"

पलीकडून आवाजच येईना. 'हॅलो, हॅलो' म्हणायला माझी जीभ नुसती वळवळत होती. पण मी काही बोलले नाही. थांबले.