त्र्यंबकरावांचा सुभेदार

त्र्यंबकरावांच्या कुत्र्याला कुणी हसलं, की ते त्याला जागीच थांबवायचे आणि कुत्र्याचा सगळा इतिहास ऐकवायचे. हसणारे पुष्कळ होते. त्यामुळे घर ते कचेरी या पाच मिनिटांच्या वाटेला त्यांना अर्धा तास लागे.

निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. त्र्यंबकराव मुखेडच्या कचेरीत पेशकार होते आणि मी त्यांच्या हाताखाली नवा कारकून. नांदेडच्या एका गोऱ्या रेल्वे इंजिनिअरनं विलायतेला परत जाताना हा कुत्रा त्यांना दिला होता. रंग पिकल्या चिंचेसारखा, कान लोंबते, अंग लांबलचक आणि पाय वीतभरही नाहीत. गावातले लोक म्हणत, "कुत्रं बेस हाय, पाय बसवायचे राहिले."

"राहिले न्हाईत, मुद्दाम आखूड ठेवलेत," त्र्यंबकराव शांतपणे सांगत. "जर्मन मुलखात बिज्जूसारखं एक जनावर बिळात राहतं. उंच कुत्रं बिळाच्या तोंडाशी नुसतं भुंकतं. म्हणून तिथल्या शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बुटकी कुत्री निवडून ही जात केली. पाय आखूड, म्हणजे आत शिरता येतं. छाती भरदार, म्हणजे दम पुरतो. अन् आवाज भारी, म्हणजे वरच्या माणसाला कळतं कुठं खोदायचं."

कुत्र्याचं नाव त्यांनी सुभेदार ठेवलं होतं. आमच्या राज्यात तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर, आणि सुभेदार म्हणजे त्याचाही वरिष्ठ. मी एकदा भीतभीत म्हटलं, "राव, नाव जरा जड होतंय."

"त्याला झेपून राहिलंय की," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात गयाबाईच्या रताळ्याच्या मळ्यात सायाळ शिरू लागली. रोज सकाळी दोन-तीन वाफे उकरलेले. गावातली उंच शिकारी कुत्री बिळापर्यंत गेली, भोवती नाचली आणि परत आली. शेवटी गयाबाई तडक कचेरीत आली.

"राव, तुमचा इतिहास लई ऐकला. आता कुत्रं चालवून दाखवा."

त्र्यंबकराव तसेच उठले. आम्हीही कचेरीला कडी घालून मागोमाग निघालो. सुभेदार क्षणात बिळात गडप झाला आणि जमिनीखालून त्याचा घोगरा आवाज येऊ लागला. पेशकारसाहेब शेरवानीसकट पालथे पडले, जमिनीला कान लावला आणि म्हणाले, "हितं खोदा."

खोदायला लागलो, आणि आवाज थांबला.

त्र्यंबकरावांचा चेहरा उतरला. शेरवानी फेकून त्यांनी फावडं हातात घेतलं. "बोल रे बाबा, एकदा बोल," एवढंच ते पुटपुटत होते. दुपार कलली. छातीइतका खड्डा झाला तेव्हा गयाबाईनं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मातीखाली धाप ऐकू येत होती. त्र्यंबकरावांनी हातांनी माती उपसून सुभेदाराला बाहेर काढलं. नाकात सायाळीचे चार काटे. सायाळ बिळाच्या दुसऱ्या तोंडानं पळाली होती; पुन्हा काही ती मळ्यात फिरकली नाही.

कुत्र्याला मांडीवर घेऊन ते काटे उपटत होते आणि डोळे पुसत होते. नेमके तेव्हाच दौऱ्यावरचे तालुकदारसाहेब, कचेरी बंद पाहून, शोधत मळ्यात आले.

"कचेरी का बंद?" त्यांनी विचारलं.

"हुजूर, सुभेदारसाहेब बिळात अडकले होते," त्र्यंबकराव उठून अदबीनं म्हणाले.

तालुकदारसाहेबांचा हात आपोआप सलामासाठी कपाळाकडे गेला. मग त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं, आणि आमच्याकडे. आम्ही सगळे रताळ्याच्या वेलांकडे बघत होतो.

आठच दिवसांत बदलीचा हुकूम आला: हदगाव, जिल्ह्याचं दुसरं टोक. आम्ही हळहळलो. त्र्यंबकराव मात्र खुशीत सामान बांधत होते. "तिकडं बिळं लई हायत म्हणे," त्यांनी मला सांगितलं आणि कुत्र्याला उचलून बैलगाडीत बसवलं.

राज्य बदलल्यावर काही वर्षांनी मी कामासाठी हदगावला गेलो. बाजारात हॉटेलवाल्याकडे त्र्यंबकरावांची चौकशी केली.

"राव दोन वर्साखाली गेले," तो म्हणाला. "लई मोठा माणूस."

माझा चहा तसाच राहिला. तेवढ्यात बाकाखालून तीन कुत्री बाहेर आली. तोंडं गावठी, शेपट्या गावठी, पण अंग लांबलचक आणि पोटं जमिनीला टेकायच्या बेतात. मी बघतच राहिलो.

"हसू नका हं," हॉटेलवाला गंभीरपणे म्हणाला आणि फडकं खांद्यावर टाकून माझ्यासमोर बसला. "हे पाय मुद्दाम आखूड ठेवलेत. जर्मन मुलखात काय असतं…"