राष्ट्राध्यक्षांना रायपूरहून शुभेच्छा

आमच्या वरच्या खोलीत आफ्रिकेतल्या एका देशाचा मुलगा भाड्याने राहायचा. देशाचं नाव सांगत नाही, कारण त्याची बहीण अजून तिथेच आहे आणि तिथल्या सरकारला लोकांचं लिहिलेलं वाचायची फार आवड आहे. त्याच सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो रायपूरला फार्मसी शिकायला आला होता. समता कॉलनीत त्याला कोणी घर देईना. घरमालक आधी त्याच्याकडे बघायचे, मग "सिर्फ फॅमिली को देते हैं" म्हणायचे. बाबांनी एकच प्रश्न विचारला, "दारू पीकर गाना तो नहीं गाओगे?"

"बिना पिये गाता हूँ, अंकलजी."

बाबांनी चावी दिली.

बाबा मालगाडीचे गार्ड होते, पण नोकरीपेक्षा जास्त युनियनमध्येच होते असं आईचं म्हणणं. साहेबापुढे हात जोडायचे नाहीत, या एका हट्टापायी त्यांची बढती गेली. त्याचा त्यांना आजही अभिमान आहे आणि आईला आजही राग.

मुलाच्या देशात निवडणूक आली तेव्हा तो खाली येऊन आमच्या टीव्हीवर बातमी शोधायचा. सापडायची नाही. राष्ट्राध्यक्ष त्याच्या जन्माआधीपासून खुर्चीवर होते आणि मुख्य विरोधी उमेदवार तुरुंगात होता.

"मंग मत कोणाले देता?" आईने विचारलं.

"किसी को भी दो, आंटीजी. गिनते वो खुद हैं."

मतदानाच्या दिवशी तिकडचं इंटरनेट बंद झालं. त्याची बहीण शाळेत शिकवायची आणि गावातल्या केंद्रावर नागरिकांच्या वतीने देखरेखीला बसणार होती. तिचा फोन लागेना. इंटरनेट परत आलं तेव्हा त्याच्या मामाकडून कळलं ते असं: मतदान सुरू होण्याआधी पेटी उघडून दाखवा, असं ती म्हणाली. अधिकारी म्हणाला, आमच्यावर विश्वास ठेवा. ती म्हणाली, विश्वास आहे, नुसती हलवून दाखवा. आणि त्याने उत्तर द्यायच्या आत तिने स्वतःच पेटी हलवली. आत कागद सळसळले. दुपारच्या आत ती कोठडीत होती.

परदेशी निरीक्षक राजधानीतल्या हॉटेलात उतरले होते. त्यांना मतदान एकंदरीत शांततेत पार पडल्याचं दिसलं. हॉटेलात शांतता असणारच. मग निकाल लागला, राष्ट्राध्यक्षांना इतकी मतं पडली की त्यांनाच संकोच वाटायला हवा होता, आणि मोठमोठ्या देशांनी 'गंभीर चिंता' व्यक्त केली. मी ती बातमी फोनवरून मोठ्याने वाचली.

"चिंता व्यक्त केली म्हणजे केलं काय त्याहीनं?" आईने विचारलं.

"व्यक्त केली."

"ते तर मी तुह्या लग्नाची रोज करून राहिली. झालं का काही?"

मुलगा हसला, आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्याच आठवड्यात दिल्लीहून त्यांच्या दूतावासाचा फोन आला. शिष्यवृत्तीवरच्या प्रत्येकाने राष्ट्राध्यक्षांच्या अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवायचा, सोबत एखादी वयस्कर भारतीय व्यक्ती असल्यास उत्तम. फोन ठेवता ठेवता त्या माणसाने बहिणीची आस्थेने चौकशी केली. तिच्याबद्दल मुलाने आमच्या घराबाहेर कोणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

"नाही करायचा व्हिडिओ," बाबा म्हणाले.

"तुमचं काय जाते?" आई उसळली. "पोट्टी तिथं कोठडीत पडली. बोल बाप्पा, काय बोलायचं ते बोल. जिभेले काय हाड असते?"

मुलगा म्हणाला, "मैं बोल दूँगा. अंकलजी, आप मत आइए."

बाबा आत जाऊन पांढरा शर्ट घालून आले. "चल, गच्चीवर उजेड चांगला हाये."

आईचे पापड वाळत होते, ते एका बाजूला सारून मी फोन धरला. मुलगा त्याच्या भाषेत पाठ केल्यासारखं बोलला. मग बाबांनी हात जोडले, लग्नातल्या व्याह्यासारखं तोंडभर हसू आणलं आणि सुरुवात केली:

"साहेब, अभिनंदन! तुमच्याएवढा निगरगट्ट माणूस म्या उभ्या जन्मात पाहिला नाही, अन् म्या रेल्वेत साहेबलोक पाहिले हायेत. डबा आंधीच भरून ठेवणं अन् मास्तरणीले आत कोंबणं, हे येरागबाळ्याचं काम नोहे. पोट्टीले सोडा. अन् आता घरी बसून नातवंडं खेळवा. नमस्कार."

हिंदीवाल्याला कळणार नाहीत असे शब्द ते निवडून आणत होते. मला हसू आवरेना. फक्त 'पोट्टीले सोडा' म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"कोणाले मराठी समजलं त?" आई घाबरली. मुलाने सगळ्याचा अर्थ मला विचारून घेतला आणि स्वतःच्या हाताने व्हिडिओ पाठवला.

तो त्यांच्या सरकारी टीव्हीवर दाखवला गेला. खाली पट्टी होती, ती मुलाने वाचून सांगितली: भारतातील ज्येष्ठ विचारवंताचे आशीर्वाद. आईला हसून हसून खाली बसावं लागलं. बाबांनी चहाच्या टपरीवर तो किस्सा रंगवून सांगितला.

एका सकाळी मात्र त्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "तिथल्या लोकाईले मराठी कुठं येते? त्याहीले काय दिसलं? एक म्हातारा त्या माणसापुढं हात जोडून हसून राहिला." त्यानंतर तो किस्सा त्यांनी कोणाला सांगितला नाही.

बहिणीला पुढे बऱ्याच जणांबरोबर सोडलं. का, ते कोणालाच कळलं नाही. दूतावासाने राष्ट्राध्यक्षांचं मोठं मन सांगितलं, वर्तमानपत्रांनी जगाची चिंता सांगितली, आईने आपले सोमवार सांगितले. नोकरी गेली ती गेलीच. आता ती घरीच मुलांना शिकवते.

तिचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा आम्ही सगळे खोलीत होतो. ती खूप वाळली होती. कोठडीच्या बाहेर पोलिसांचा टीव्ही होता, तिथे तिने आपल्या भावाला आणि एका हसणाऱ्या म्हाताऱ्याला पाहिलं होतं. भावाने बिचाऱ्याने नाइलाजाने केलं असेल हे तिला समजलं, पण त्या म्हाताऱ्याला तिने शिव्या घातल्या होत्या. तो कोण, असं ती विचारत होती.

मुलाने बाबांचं भाषण वाक्यावाक्याने तिच्या भाषेत सांगितलं. 'निगरगट्ट'पाशी अडला. मी म्हटलं, "जिस पर किसी बात का असर ही न हो." पलीकडे ती हसायला लागली, खोकला येईपर्यंत हसली, आणि काहीतरी म्हणाली.

मुलगा चाचरला. "कह रही है, बात तो सही थी, अंकलजी. पर वहाँ किसी ने सुनी नहीं."

बाबांनी मान हलवली. "बरोबर हाये तिचं. तिले म्हणा, माफ कर."

मुलाने ते तिला सांगितलं की नाही, मला कळलं नाही. कारण आईने फोन ओढून घेतला होता आणि बहिणीला अजिबात न समजणाऱ्या हिंदीत विचारत होती, खाना खाया क्या बेटा, इतनी दुबली कैसे हो गई.