पाठीवरची शेवटची ओळ

फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत काल एकाच अमेरिकन कादंबरीच्या दोन प्रती हाती आल्या. एक फार जुनी. तिच्या पाठीवर लेखकाचा फोटो होता: दाट केस, रोखून बघणारे डोळे. खाली त्याची ओळख अगदी थोडक्यात, आणि शेवटची ओळ अशी, की सध्या तो दुसरी कादंबरी लिहितो आहे.

दुसरी प्रत बरीच नंतरची. मुखपृष्ठावर सिनेमातला नट, आणि लेखक मागे, टक्कल पडलेला, हसरा. त्याने पटकथा लिहिलेल्या सिनेमांची यादी लांबलचक होती. शेवटची ओळ मात्र तीच. सध्या तो दुसरी कादंबरी लिहितो आहे.

प्रकाशक ती काढायला विसरला असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पटेना. मला वाटतं, लेखकानेच ती काढू दिली नसेल. त्या यादीतले काही सिनेमे मी पाहिलेत. चांगले आहेत. म्हणून तर जास्त अस्वस्थ व्हायला होतं. वाईट असते तर त्याची कीव करून मोकळा झालो असतो.

दोन्ही प्रती घेतोय हे पाहून विक्रेत्याने विचारलं, "तुम्ही पण लिहिता काय साहेब?"

माझी एकुलती एक कादंबरी येऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून मी मालिकांचे संवाद लिहितो. संध्याकाळपर्यंत उद्याचा एपिसोड पाठवायचा होता.

"कादंबरी लिहितोय," मी म्हणालो. "दुसरी."