जिन्यातला अंधार

ताईंचं बोलणं ऑफिसच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. त्या मूळच्या अमरावतीच्या. पुण्यात बाणेरच्या आमच्या कंपनीत सर्वांत अनुभवी इंजिनिअर, म्हणून वयाने मोठे असलेलेही त्यांना ताईच म्हणायचे. कोणी मान खाली घालून बसलेला दिसला की खुर्ची ओढून विचारायच्या, "काय करून राहिले बाप्पा? सांगा तरी."

आम्ही इमारतींसाठी वायरलेस दिवे बनवत होतो. प्रत्येक दिव्यात एक लहानसा रेडिओ. त्याचा आवाज, म्हणजे सिग्नल, एखाद-दुसऱ्या खोलीपलीकडे जात नाही, म्हणून एका दिव्याने दुसऱ्याला निरोप द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. हे समजावताना ताई नव्या लोकांना पॅसेजमध्ये रांगेत उभं करून कानगोष्टी खेळायला लावायच्या. "मधला गप्प बसला तर?" असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "शेजारचा आहे ना! कोणी ना कोणी ऐकतंच."

पहिले दिवे शनिवार पेठेतल्या एका सोसायटीत लागले. जिन्यातले दिवे एकमेकांपासून लांब होते, म्हणून खाली माणसाची चाहूल लागली की निरोप घराघरांतल्या दिव्यांमधून वर जायचा आणि जिना उजळायचा. जिन्यातली जुनी बटणं ताईंनीच काढायला लावली. "आता कशाला हवीत?"

मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी गेली. जाताना प्रत्येकाने घरातले सगळे स्विच बंद केले, तसे दिव्यांतले रेडिओही बंद पडले. मधल्या मजल्यांवर निरोप वर न्यायला कोणी उरलंच नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका, सगळ्यांच्या बाई, संध्याकाळी मंडईतून भाजी घेऊन परतल्या. जिन्याला खिडकी नव्हती. बाई अंधारात पडल्या आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं.

सोसायटीच्या बैठकीत आमचे मॅनेजर म्हणाले, "रहिवाशांनी स्विच बंद करायला नको होते." शेजारी बसलेल्या ताई ताडकन उठल्या. "सुट्टीला जाताना माणूस स्विच बंद करणारच. हे मला सुचायला हवं होतं. चूक माझी आहे." आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी "काय म्हणाल्या?" असं विचारलं. ताईंना ते सगळं पुन्हा म्हणावं लागलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेलो. ताई दाराबाहेरच थांबल्या. बाईंनीच आतून हाक मारली, "अहो, आपण तिथे उभ्या राहून लाजलात म्हणून माझं हाड जुळणार आहे का? आत या, बसा." ताई आत गेल्या आणि बाईंचा हात धरून रडल्या. बाई म्हणाल्या, "रडून झालं की ती बटणं परत लावा."

बटणं दुसऱ्याच दिवशी लागली. शिवाय ताईंनी दिव्यांचा नियम बदलला: प्रत्येक दिव्याने अधूनमधून शेजारच्याला 'मी आहे' असा निरोप द्यायचा; तो आला नाही तर दिवा आपोआप लागेल आणि लागलेलाच राहील. वीज वाया जाईल, अशी मॅनेजरांनी कुरकुर केली. "जाऊ द्या," एवढंच ताई म्हणाल्या. तो नियम आमच्या प्रत्येक दिव्यात आजही आहे.

पुढे नोकरी सोडून ताई अमरावतीला परत निघाल्या. निरोपसमारंभात मॅनेजरांनी त्यांच्या यशाचं भरभरून वर्णन केलं. सगळं ऐकून ताई उठल्या. म्हणाल्या, "त्या बाई अजून काठी घेऊन चालतात. ती काठी माझ्यामुळे आली. हेही सांगा." आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कोणालाच कळेना. समोर केक तसाच होता. सुरी उचलायला कोणाचाही हात पुढे होईना.