वकिलाच्या दारातली पाटी

किनाऱ्यावरच्या नवापूरची ती मासळीवाली पालघरला आमच्या गल्लीत यायची. भाव करताना कधी हसली नाही. "घ्यायचं तर घ्या, नाय तर ऱ्हाऊ द्या," एवढंच.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरकडे मोठं काम येणार म्हणून जमिनींचे भाव चढले होते. तिच्या ओळखीच्या एका वारली आदिवासीचा जमिनीचा तुकडा बळकावायला सावकाराने त्याच्यावर लाकूडचोरीचा खोटा आळ घेतला. हिने कानातलं सोनं विकून आमच्या घरासमोरचा वकील लावला.

"तू कशाला?" मी विचारलं.

"त्याला कोण हाय दुसरं?"

वकिलाने पैसे घेतले, वारल्याला मात्र पायरीखालीच बसवलं. तारखेला वकील कोर्टात फिरकलाच नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर वारली तुरुंगात गेला.

दुसऱ्या दिवशी तिने सुक्या बोंबलांची पाटी वकिलाच्या दारात मांडली.

"ऊठ! वासाने पक्षकार येत नाहीत," तो ओरडला.

"माणूस सोडवा, मी उठते."

श्रावण सरेपर्यंत ती तिथेच बसली. शेवटी कंटाळून त्याने अपील केलं आणि दसऱ्याच्या सुमाराला वारली सुटला.

"जिंकलीस की, मावशी!" मी म्हणालो.

"कुठं जिंकली, भाऊ? त्याच्या शेतात सावकाराचा भात उभा हाय. तो आता तिथंच मजुरीनं कापतो."