ड्रायव्हरकाकांच्या तीन सवाऱ्या

ड्रायव्हरकाका चंद्रावर उतरताना इंजिन बंद ठेवत. खालची जमीन अंगावर धावून येतेय, पडद्यावरचे आकडे लाल होतायत, आणि हा माणूस मनीषनगरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत शांत बसलेला. अगदी शेवटच्या क्षणी ते इंजिन चालू करायचे आणि यानाचे चारही पाय अलगद टेकवायचे. एसटीत तीस वर्षं डिझेल वाचवत गाडी चालवल्याची ती सवय. मी त्यांचा शेजारी, इंजिनियर. माझं यान वरपासून इंजिन जाळत उतरायचं आणि तरी आपटायचं. "तू ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवून राहिला गा," ते म्हणायचे. "डिझेल का तुया सासऱ्याचं हाये?"

अंतराळयानं बांधून उडवायचा हा गेम मीच माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना लावून दिला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काका तिसऱ्या मजल्यावर अडकले होते आणि लिफ्ट बंद होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टवर तासभर चर्चा व्हायची आणि ठराव व्हायचा गेटच्या रंगाचा. "त्यांना या वयात कुठे जायचंय?" असं एक सद्गृहस्थ म्हणाले. मी त्यांच्याशी आजही बोलत नाही.

यानातल्या माणसांना काका सवाऱ्या म्हणत. गेमने दिलेली इंग्रजी नावं बदलून त्यांनी गुलाब, सुमन आणि नामदेव अशी नावं ठेवली होती. कुहीच्या रूटवर रोज चढणारी ही तीन माणसं. निघताना मी टेबलावर दोनदा टकटक करायचो, ही कंडक्टरची घंटी. तिच्याशिवाय ते बटण दाबत नसत. एकदा मी फोनवर बोलत बसलो, तर संपूर्ण वेळ माझ्याकडे असे बघत राहिले की मी फोन ठेवून मुकाट्याने टकटक केली.

सहाव्या खेपेला चूक झाली. यान उतरलं छान, पण किंचित उतारावर. पाय पक्के टेकले होते, धोका काहीच नव्हता. पण गाडी उतारावर उभी करायची नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. "सपाटीवर लावतो," म्हणाले आणि यान पुन्हा उचललं. टेकडी ओलांडली, जागा शोधली, नीट नेऊन ठेवलं. परतीचं इंधन त्यात संपलं. मी ओरडलो तेव्हा काटा तळाला गेला होता आणि तिघं चंद्रावर अडकले होते.

यावर गेममध्ये सोपा उपाय असतो. मागची नोंद उघडायची, चूक झालीच नाही असं धरायचं. मी हात पुढे केला तर त्यांनी मनगटावर चापट मारली.

"चूक माई हाये. थे मिटवाले तू कोन?"

"काका, ती खरी माणसं नाहीत."

"मले मालूम हाये. पन गाडी बंद पडली त सवाऱ्या दुसऱ्या गाडीत बसवल्याबिगर ड्रायव्हर घरी जात नाही."

पुढचे अडीच महिने दुसरी गाडी पाठवण्यात गेले. माणसाविना उडणारं, तीन रिकाम्या जागांचं यान. पहिलं आपटलं. दुसरं चंद्राला चुकवून भलतीकडेच गेलं. प्रत्येक वेळी काका वहीत काय चुकलं ते लिहायचे आणि समोरचा चहा थंड व्हायचा. इंजिनाच्या धगीत तिघं सापडू नयेत म्हणून दुसरी गाडी किती लांब उतरवायची, यावर आम्ही आठवडाभर भांडलो. "याची झेरॉक्स काढून ठेव गा कुठंतरी," असं ते लॅपटॉपकडे बोट दाखवून मला दोनदा म्हणाले. मी दोन्ही वेळा "उद्या करतो" म्हणालो. लोकांच्या डेटाच्या प्रती जपून ठेवण्याचा मला पगार मिळतो.

तिसरं यान चंद्राभोवती फिरायला लागलं. आता फक्त उतरवायचं होतं. तेवढ्यात मला कामासाठी चार दिवस हैदराबादला जावं लागलं. त्या चार दिवसांत धरमपेठेतले पाहुणे आले, काका लॅपटॉपसमोरून उठले नाहीत, आणि बँकेत अधिकारी असलेल्या त्यांच्या मुलाला त्याची लाज वाटली. त्याने गेम काढून टाकला, सगळ्या नोंदींसकट. मला म्हणाला, "अहो, व्यसन लागलं होतं बाबांना. त्यांच्या डोळ्यांसाठीच केलं." व्यसन! हा गृहस्थ जेवताना ताटाशेजारी शेअरबाजार उघडून बसतो. मी त्याला जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही, आणि ते पुरेसंही नव्हतं. त्याच्याहून जास्त शिव्या मी स्वतःला घातल्या. एक प्रत काढायला दोन मिनिटं लागली असती.

आणि काका? काका भांडले नाहीत. भर रस्त्यात ट्रकवाल्याची कॉलर धरणारा हा माणूस पोटच्या पोरासमोर गप्प बसला. "त्याचं घर हाये," एवढंच म्हणाले. त्या वाक्याचा मला अजून राग येतो. लॅपटॉप माझा होता, चंद्र कोणाच्याच घरात नव्हता, आणि हा माणूस घर कोणाचं ते बघत होता.

मी रजा टाकली. गेम पुन्हा बसवला. तीच तीन नावं दिली, तशीच सपाट जागा शोधून तिघांना उतरवलं. मग एके दुपारी काकांच्या समोर दुसरी गाडी शेजारी उतरवली, एकेकाला बसवलं आणि पृथ्वीवर आणलं. यान ठरल्याप्रमाणे समुद्रात पडलं. काकांनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

"चांगली उतरवली," ते म्हणाले. "पन हे वेगळे हायेत गा. थे तिघं तिथंच हायेत."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. एवढी मेहनत केली होती मी. पण ते बरोबर होते, आणि ते मला आधीपासून माहीत होतं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला आणि पुन्हा कधी उघडला नाही.

काका गेले तेव्हा सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. मुलगा चांगलं बोलला. शेवटी म्हणाला, "बाबा समाधानानं गेले. त्यांचं काही करायचं राहिलं नाही."

"तीन माणसं आणायची राहिली," मी बसल्या जागेवरून म्हणालो.

हॉलमध्ये कोणालाच काही कळलं नाही. मला सहन होत नाहीये असं समजून कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला.