न्यूझीलंडचं वावर, बटईनं

बीबी गावच्या बसस्टँडमागे एक दूध संकलन केंद्र आहे आणि त्याच्या वर आमची खोली. चार खुर्च्या, तीन लॅपटॉप, एक कूलर. इथे बसून आम्ही परदेशी चलनाचे सौदे करतो. नफा झाला की तो घरी जातो, तोटा झाला की माणूस दोन दिवसांत विसरतो. किस्से मात्र कुठेच जात नाहीत, खोलीतच साचून राहतात! या खोलीचे माझ्यावर फार उपकार आहेत, म्हणून त्यातले काही सांगतो.

आधी माणसं सांगतो. गणेशभाऊ म्हणजे खालच्या दूध केंद्राचे आणि वरच्या खोलीचे मालक. रूपालीताईंचं शेजारीच ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, खोलीतलं इंटरनेटही त्यांचंच. शेषरावमामांनी तरुणपणी बटईची शेती केली, मग उभी हयात खामगावच्या कापूस बाजारात काढली. ते एका पैशाचा सौदा करत नाहीत, चहा आणि गप्पांसाठी येतात. चौथा मी, गजानन. सगळे गजूच म्हणतात.

*

पहिल्याच दिवशी मामांनी विचारलं, "हे नेमकं काय करून राह्यले बे तुमी?"

मी सांगितलं. परदेशातली एक कंपनी आधी परीक्षा घेते. फी भरायची, ठरलेला नफा करून दाखवायचा. पास झालो की कंपनी स्वतःच्या भांडवलाचं खातं आपल्या हातात देते. पण एका दिवसात ठरलेल्या हद्दीबाहेर तोटा गेला, तर खातं त्याच क्षणी बंद. नो अपील!

मामांनी चहाचा घोट घेतला. "म्हंजे बटईनं वावर. वावर त्यायचं, राबनूक आपली. बांध फोडला का बाहेर."

"अगदी तसंच, मामा."

"आन् वाटा कसा?"

"शंभरातले ऐंशी आपले, वीस त्यांचे."

मामांनी कप खाली ठेवला. "असा वावरवाला मले जवानीत काऊन नाही भेटला बे!"

*

सगळं जग सोन्याचे नाहीतर डॉलर-युरोचे सौदे करतं. आम्ही मात्र ऑस्ट्रेलियाचा डॉलर आणि न्यूझीलंडचा डॉलर यांच्यातल्या भावफरकावर काम करतो. त्याचं श्रेय गणेशभाऊंना. न्यूझीलंड दुधावर चालतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं आणि ठरवूनच टाकलं, "ज्या गावचं दूध कळते, त्याच गावचा भाव सांगीन. बाकीचं आपल्याले जमनार नाही."

तिथे दर पंधरा दिवसांनी दुधाच्या पावडरचा मोठा लिलाव होतो. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ असते. खाली केंद्रावर लोक कॅन घेऊन रांगेत उभे आणि गणेशभाऊ वर लिलावात! एकदा खालून एक आजी ओरडल्या, "गणेश, माह्या दुधाची फॅट लाव ना बाप्पा!"

गणेशभाऊ खिडकीतून म्हणाले, "थांब माय, आधी न्यूझीलंडचं मोजू दे!"

*

आमच्या आईला मात्र हा सगळा सट्टा वाटायचा. बाबा गेल्यावर तिने दोन एकरांत वांगी-मेथी काढून मला शिकवलं. दोन वर्षांपूर्वी बैलजोडी विकली, तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. अशा बाईला मी लाल-हिरव्या रेघा दाखवून काय पटवणार?

तिने सरळ मुदत दिली. "पोळ्यापर्यंत पाहीन. नाहीतं खामगावले जाजो, जावायासोबत कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यापाशी बसजो. आन् त्या सट्ट्याच्या खोलीची पायरी मी कधी चढनार नाही."

आई एकदा बोलली की बोलली.

*

परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो तो लोणारच्या आठवडी बाजारात. समोर वांग्याचा ढीग, मागे क्रेटमध्ये मोबाइल, मोबाइलमध्ये चालू सौदा. भाव घसरायला लागला. सौदा बंद करायला बोट लावलं, तर बोटाला माती. स्क्रीन ऐकेना. जोरात दाबलं आणि भलतंच बटण दाबलं गेलं. बंद व्हायचा तो सौदा दुप्पट झाला! दोन मिनिटांत हद्द गेली, खातं गेलं.

समोरचं गिऱ्हाईक माझ्याकडे बघतच राहिलं. "भाऊ, पावभर वांग्यासाठी एवढा घाम काऊन फुटला तुमाले? राहू द्या, मी नाही घासाघीस करत."

संध्याकाळी मी खोलीवर येऊन रागारागात पुन्हा फी भरायला बसलो. रूपालीताईंनी माझा माऊस उपसला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं.

"डोकं जागेवर आलं की घेऊन जाजो."

आठ दिवस त्यांनी तो दिला नाही. नवव्या दिवशी स्वतःहून काढून दिला आणि म्हणाल्या, "एका दिवशी एकच सौदा. दुसरा केला तं इंटरनेट कापीन." त्या धमकीवरच मी पास झालो. त्या नसत्या तर मी आज वजनकाट्यापाशीच बसलेला असतो, हे मी कुठेही सांगेन.

*

पास झाल्यावर कंपनीने पत्त्याचा पुरावा मागितला. रस्त्याचं नाव, घर क्रमांक वगैरे. आमचा पत्ता काय, तर बसस्टँडमागे, मारुतीच्या देवळाजवळ! रूपालीताईंनी डोकं लढवलं आणि ग्रामपंचायतीचा दाखला आणायला लावला. ग्रामसेवक मोकळ्या मनाचे. त्यांनी लिहिलं, "सदर इसम माझ्या परिचयाचा असून होतकरू आहे. घरपट्टी भरलेली आहे. दारू पीत नाही." रूपालीताईंनी एक शब्दही न गाळता त्याचं इंग्रजी केलं आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं. पत्ता मान्य. खाली आणखी एक ओळ होती: "अशी शिफारस आम्ही पहिल्यांदाच वाचली!"

*

याच सुमारास मला एक स्थळ आलं. मुलीचे वडील चौकशीला आले ते नेमके मामांनाच भेटले.

"पोरगा काय करते?"

मामा म्हणाले, "न्यूझीलंडले जमीन आहे, ते बटईनं करते."

मुलीचे वडील पक्के शेतकरी. त्यांनी टोपी सरळ केली आणि विचारलं, "पान्याले हिर आहे का बोर?"

*

आता शेवटचा. पोळ्याच्या आदल्या दिवसाचा.

कंपनीकडून माझ्या नफ्याचा पहिला वाटा यायला तीनच दिवस उरले होते. पोळ्याची मुदत दोन दिवसांनी हुकत होती खरी, पण तेवढे दिवस खातं जिवंत ठेवलं की आईच्या हातात काहीतरी ठेवता आलं असतं. आणि नेमका त्या सकाळी सौदा उलटा गेला. दिवसाच्या हद्दीपर्यंत जेमतेम केसाएवढी जागा उरली. आणखी एक चुकीचा सौदा, की खातं बंद आणि मी खामगावात.

संध्याकाळी दुधाचा लिलाव होता. गणेशभाऊ म्हणत होते, "आज पावडर चढनार." सकाळचं सगळं भरून काढायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. रूपालीताई म्हणाल्या, "गजू, आजचा एक झाला." मी ऐकलं नाही. माऊस घट्ट धरून बसलो.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात आई उभी राहिली. एका हातात लोणी-हळदीची वाटी, दुसऱ्या हातात पळसाची पानं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात, वर्षभर जू ओढलेलं असतं त्यांनी. पण आमचे बैल तर दोन वर्षांपूर्वीच गेले होते.

तिने स्क्रीनकडे पाहिलंही नाही. माझ्या मागे आली, कॉलर बाजूला केली आणि पळसाच्या पानाने माझ्या उजव्या खांद्याला लोणी-हळद चोळायला लागली. हळूहळू, बैलाला चोळायची तशीच.

"रोज दिसते मले. रात्री खांदा धरून झोपते हा," ती मामांना म्हणाली. मग माझ्या कानाशी वाकली आणि खांदे शेकल्यावर बैलांना म्हणतात तेच म्हणाली. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

माझी नजर स्क्रीनवरच होती. म्हणालो, "आई, उद्या पोळा असला तरी बाजार चालूच असते."

"आवतन घेतल्यावर बैल जुपते का कोनी?"

मी माऊस सोडला. रूपालीताईंनी तो उचलला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. गणेशभाऊंनी स्वतःचाही पुढे केला. त्या संध्याकाळी न्यूझीलंडच्या दुधाचं काय झालं, ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.

वाटीत लोणी उरलं होतं. शेषरावमामांनी गुपचूप सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि खांदा पुढे केला. आईने त्यांनाही लावलं.

ती जिना उतरायला लागली तेव्हा मी मागे धावलो.

"आई, आन् खामगावचं कसं करू?"

ती वळली नाही. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत म्हणाली, "कामावरचा बैल कोनी बाजारात काढते का रे?"